छतावरच्या दिव्याचं झाकण: बिजागरी कुठली, क्लिप कुठली?

वाचनालय_सेवक

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये स्लॅबला थेट लावलेले १८ एलईडी बॉक्स आहेत. फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेले. माप ६०० × ६०० मिमी, खोली ७५ मिमी, पत्रा २० गेज, खालच्या कडेला आत वळवलेली २० मिमीची ओठी. त्या ओठीवर खालून ३ मिमीचं दुधी अ‍ॅक्रिलिक चार कोपऱ्यांत चार स्क्रूंनी मारलं आहे.

अडचण अशी, की पावसाळ्यात आत पाखरं साचतात आणि दर दोन-तीन महिन्यांनी झाकण काढावं लागतं. त्याला दोन माणसं लागतात, स्क्रू खाली पडून हरवतात, आणि सहा-सात झाकणांना स्क्रूच्या भोकापासून तडे गेले आहेत. एका माणसाला घोड्यावर चढून झाकण खाली सोडता यावं, पुसून परत बसवता यावं, एवढीच अपेक्षा. अ‍ॅक्रिलिकलाच दोन बिजागऱ्या आणि समोर एक खिट्टी मारली तर चालेल का? समुद्र दोन किलोमीटरवर आहे, हे लक्षात घेऊन सांगा.

पत्रेवाला

अ‍ॅक्रिलिकला थेट बिजागरी मारू नका. तडे का गेले तेच बघा आधी. अ‍ॅक्रिलिक दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०७ मिमी वाढतं. रात्री आणि दिवा तापल्यावर मिळून ३० अंशांचा फरक धरला तर ६०० मिमीचं पान सव्वा मिलिमीटर लांबतं. पत्रा त्याच्या सहाव्या हिश्शाइतकाच वाढतो. चारही कोपरे स्क्रूने आवळलेले असले की हा सव्वा मिलिमीटर जाणार कुठे? भोकाच्या कडेला जातो. त्यात भोक लोखंडाच्या ड्रिलने पाडलेलं असलं तर कडेला बारीक चिरा आधीच असतात.

बिजागरी मारली तर तेच दुखणं वाढेल, कारण उघडताना सगळं वजन त्या चार भोकांवर येईल.

म्हणून अ‍ॅक्रिलिकला चौकट करा आणि बिजागरी चौकटीला लावा. २० × २० × १.५ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम अँगल घ्या. आडवी पाती खाली, आतल्या बाजूला. तिच्यावर अ‍ॅक्रिलिक नुसतं टेकवायचं, चिकटवायचं नाही. उभी पाती बाहेरून वर येते आणि डब्याच्या झाकणासारखी बॉक्सला लपेटते. बॉक्स बाहेरून ६०० असेल तर चौकट आतून ६०४ ठेवा, म्हणजे प्रत्येक बाजूला २ मिमी मोकळे. अ‍ॅक्रिलिक ६०० चंच राहील आणि त्यालाही वाढायला तेवढीच जागा मिळेल. तुमची जुनी, न तडकलेली पानं वापरता येतील. कोपऱ्यातली भोकं कडेपासून १६ मिमीच्या आत असली तर पातीखाली झाकली जातात.

शंकासुर

एवढा खटाटोप कशाला? एका बाजूला झेड पट्टी, तिच्यात झाकणाची कड सरकवायची आणि समोर दोन स्क्रू. बाजारातल्या अर्ध्या फिटिंगना हेच असतं.

पत्रेवाला

झेड पट्टी वाईट नाही, स्वस्तही आहे. पण स्क्रू सुटले की झाकण हातात येतं, लटकत राहत नाही. घोड्यावर एका हातात ६०० चं पान घेऊन दुसऱ्या हाताने पुसता येत नाही. त्यांना नेमकी तीच अडचण आहे.

गॅस्केट

पत्रेवाल्यांची चौकट बरोबर. वजनाचा हिशेब मांडतो, म्हणजे बिजागरी निवडताना अंदाज राहील.

६०० × ६०० × ३ मिमी अ‍ॅक्रिलिक: सुमारे १.३ किलो. चौकटीचा अँगल २.४ मीटर: जवळपास ४०० ग्रॅम. एकूण पावणेदोन किलोच्या आत. हेच ४ मिमी काचेचं असतं तर नुसती काच ३.६ किलो.

झाकण बंद असताना अर्धं वजन बिजागरीवर, अर्धं समोरच्या क्लिपवर. उघडून स्थिर लटकलं की सगळं बिजागरीवर. पण हातातून सटकून आडव्यावरून उभ्यात झोका खाल्ला, तर तळाला पोहोचताना बिजागरीवर येणारा ओढा वजनाच्या अडीचपट असतो. जाडी सगळीकडे सारखी असलेल्या पानाचं हे साधं गणित आहे, लांबी कितीही असली तरी अडीचपटच. तुमच्या झाकणाला म्हणजे चारेक किलो. दोन बिजागऱ्यांना हे काहीच नाही. काचेच्या झाकणाला चौकटीसकट दहा किलो होतात, आणि तिथे २० गेज पत्र्यातले सेल्फ-टॅपिंग स्क्रू उपटून येतात. पत्र्यात बिजागरीला रिव्हेटच. स्क्रूला धरायला पुरते दोन आटेही मिळत नाहीत.

झोळ किती पडेल तेही सांगतो. ३ मिमीचं पान चारही कडांवर टेकलं तर मधोमध सुरुवातीला साधारण २ मिमी खाली येतं. पैसे वाचवायला २ मिमीचं घेतलंत तर हाच आकडा ५ मिमीच्या आसपास जातो आणि उष्णतेने वर्षागणिक वाढतो. तेव्हा ३ च ठेवा.

वायरमन

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, नंतर कोणी विचारत नाही.

बिजागरी कुठल्या बाजूला? पंख्याच्या बाजूला झाकण लटकता कामा नये. उघडं झाकण ६०० मिमी खाली येतं आणि १२०० मिमी पंख्याचं पातं मध्यापासून ६०० मिमी फिरतं. बॉक्सची कड पंख्याच्या मध्यापासून सव्वा मीटरच्या आत असेल तर त्या बाजूला बिजागरी नको. पंख्याचा एमसीबीही दिव्याबरोबर पाडायचा. भिंतीजवळच्या ओळीत बिजागरी भिंतीकडे, म्हणजे घोडा हॉलच्या बाजूला राहतो आणि झाकण डोक्यावर येत नाही.

दुसरं अर्थिंग. बॉक्सला अर्थ असेल, पण रंगवलेल्या पत्र्यावर रंगवलेली बिजागरी आणि तिच्यावर अ‍ॅनोडाइज केलेली (वीज न वाहणारा थर चढवलेली) चौकट, म्हणजे वीज जायला वाटच नाही. आतली वायर सुटून चौकटीला टेकली तर चौकट जिवंत होते आणि एमसीबी पडत नाही. बॉक्स ते चौकट १.५ चौमिमीची हिरवी लवचिक वायर, दोन्ही टोकांना रिंग लग (स्क्रूत अडकवायची गोल कडी), लगखाली स्टार वॉशर, आणि वॉशरखालचा रंग खरवडलेला. वायरची लांबी झाकण पूर्ण उघडल्यावरही सैल राहील एवढी. झाकणाचं वजन या वायरवर कधीच येऊ द्यायचं नाही.

वाचनालय_सेवक

भरपूर कामाचं मिळालं. आता क्लिपबद्दल सांगा. मध्ये एक पुरेल का? मॅग्नेट कॅचर लावला तर उघडायला सोपं जाईल, असं इथले सुतार म्हणतात.

सुतारपक्षी

मॅग्नेट कॅचर कपाटाच्या दाराला ठीक, कारण तिथे दाराचं वजन बिजागरी उचलते आणि लोहचुंबकाला फक्त दार मिटलेलं ठेवायचं असतं. इथे झाकण चोवीस तास खाली ओढतंय. कॅचरच्या पाकिटावरचा ३-४ किलोचा आकडा जाड, सपाट, बिनरंगाच्या पोलादावर सरळ ओढून काढलेला असतो. पातळ पट्टी आणि मध्ये अर्धा मिमी फट आली की त्यातलं बरंच निघून जातं. शिवाय छोट्या निओडिमियम चुंबकांच्या साध्या ग्रेडची मर्यादा ८० अंश असते. एलईडी पट्टीच्या बाजूला तेवढं तापत नाही, पण ड्रायव्हरला चिकटून बसवला तर भरवसा नाही.

पण चुंबक अगदी टाकाऊही नाही, खाली लिहितो.

मध्ये एक क्लिप नको. ६०० मिमीच्या कडेला मधोमध धरलं तर दोन्ही कोपरे गॅस्केटच्या (फट बुजवणाऱ्या फोमपट्टीच्या) रेट्याने खाली राहतात. फट मिलिमीटरभर दिसते, पण चिलटाला तेवढीच पुरते. दोन क्लिपा, प्रत्येक कोपऱ्यापासून १०० मिमीवर, आणि बिजागऱ्याही समोर त्याच मापावर.

दोन क्लिपा म्हटल्या की नवी अडचण: पहिली सोडली, दुसरी सोडताना झाकण हातात नसेल तर झोका खाणार. इथे चुंबक कामाला येतो. क्लिपांच्या बाजूला मधोमध एक कॅचर, समोर चौकटीला लोखंडी पट्टी. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, ही पट्टी विसरू नका. त्या कडेवर झाकणाचं अर्धं वजन, म्हणजे ८०० ग्रॅमच्या आसपास. तेवढं तो धरतो. दोन्ही क्लिपा सोडा, मग हाताने हळूच ओढा. चुंबक हा तिसरा हात, कुलूप नव्हे.

पत्रेवाला

या चौकटीला टॉगल क्लिप घ्या. जुन्या पत्र्याच्या ट्रंकेला असायची तसली ओढून बसणारी. स्क्रूपेक्षा ती बरी, कारण ती झाकण वर ओढून गॅस्केट दाबते. आडवा स्क्रू नुसता अडवतो, दाबत नाही.

क्लिप घट्ट का राहते हे समजून घेतलं तर खराब माल दुकानातच ओळखू येतो. तिच्यात आकड्याची तार आणि तरफ यांचे दोन खिळे असतात. तरफ मिटवताना ओढ्याची रेघ तरफेच्या खिळ्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते. ती पलीकडे गेली की झाकण जितकं ओढेल तितकी तरफ आणखी मिटते. मिटवताना शेवटी ‘टक्’ होतं ते हेच. ज्या क्लिपेत टक् लागत नाही आणि तरफ नुसती टेकते, ती पंख्याच्या थरथरीने उघडेल.

तुमच्या चौकटीची उभी पाती २० मिमीच आहे, म्हणून क्लिपेचं धड बॉक्सच्या बाजूवर आणि आकडा अडकवायची खाच चौकटीवर. असं लावलं की मिटलेली तरफ वर तोंड करते, म्हणजे सैल झाली तर स्वतःच्या वजनाने खाली पडून उघडते. उलटं लावायला जागा असती तर तेच बरं होतं. जागा नाही, तेव्हा तरफेला पिन घालायचं भोक असलेली क्लिप घ्या आणि छोटी स्प्लिट पिन घाला.

ढिली पडलेली तार पकडीने वाकवून परत घट्ट करायचा मोह होतो. एकदा ताणून वाकलेली तार दुसऱ्यांदा त्याहून लवकर वाकते. बदलून टाका.

गॅस्केट

आता बिजागरीची उंची. सगळं बिघडतं ते इथेच.

गॅस्केट म्हणून ओठीखाली ३ मिमी जाड ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) फोमची चिकटपट्टी लावायची, आणि बंद झाल्यावर ती २ मिमीपर्यंत दबली पाहिजे. साधारण तिसरा हिस्सा दाब. क्लिपांच्या बाजूला क्लिप ओढून तो दाब आणते. बिजागरीच्या बाजूला ओढणारं कोणी नाही, बिजागरी जिथे बसवली तिथेच ती कड थांबते. १ मिमी खाली बसली तर तिकडे फोम दबतच नाही, पाखरांना सरळ दरवाजा. १ मिमी वर बसली तर फोम अर्ध्याहून जास्त चिरडतो, क्लिपांची बाजू मिटत नाही, मग माणूस जोर लावतो आणि चौकट पिळवटते. झाकण लटकायला बिजागरी लागते, पण मिटताना तिने मध्ये पडता कामा नये.

उपाय सोपा. फोम लावायच्या आधी ओठी आणि अ‍ॅक्रिलिक यांच्यामध्ये चार कोपऱ्यांत नेमक्या २ मिमीच्या चकत्या ठेवा. दोन मिमी अ‍ॅक्रिलिकचे तुकडे चालतील. चौकट वर दाबून मास्किंग टेपने चारही बाजूंनी बांधा. त्याच अवस्थेत बिजागऱ्यांची भोकं खुणावून रिव्हेट मारा. मग उघडा, चकत्या काढा, फोम चिकटवा. उंची आपोआप बरोबर येते.

आणखी एक खोच. तुमच्या बिजागरीची पिन उभ्या पातीच्या वरच्या टोकाला येणार, म्हणजे गॅस्केटच्या पातळीपेक्षा सुमारे १३ मिमी वर. झाकण मिटताना बिजागरीकडचा फोम त्यामुळे नुसता दाबला जात नाही, बाजूलाही घासला जातो: १ मिमी दाबामागे साधारण १.३ मिमी. पाखरं अडवायला एवढं चालतं. फोम ओठीला चिकटवा आणि बिजागरीच्या बाजूला त्याच्यावर टाल्कम पावडर चोळा, म्हणजे अ‍ॅक्रिलिकवर घसरेल, गुंडाळणार नाही. पाणी अडवायचं असतं तर ही रचना चालली नसती. तिथे पिन गॅस्केटच्याच पातळीत आणावी लागते किंवा बिजागरीच्या पानात भोकाऐवजी २ मिमी लांबट खाच ठेवून तिला सैल सोडावी लागते.

शंकासुर

पाण्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो. पार्किंगमधल्या चार फुटी वेदरप्रूफ फिटिंगला, पारदर्शक झाकण आणि कडेला क्लिपा असतात त्यांना, एका बाजूच्या क्लिपा काढून बिजागरी बसवली तर?

गॅस्केट

नको, नको. त्यांना सहसा ८ ते १२ क्लिपा असतात त्या उगाच नाहीत. झाकण पॉलिकार्बोनेटचं, १२०० मिमी लांब. ३० अंशांत ते अडीच मिलिमीटरच्या जवळ वाढतं. क्लिपा त्याला लांबीत सरकू देतात आणि फक्त वर दाबून ठेवतात. बिजागरीने एक बाजू खिळली की झाकण धनुष्यासारखं वाकतं, गॅस्केट मध्ये सुटतो. आयपी ६५ मधला ६ म्हणजे धूळ आत नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा आत नाही. दोन्ही हातचे जातात.

तिथे एका माणसाने काम करायचा मार्ग म्हणजे झाकणाच्या दोन टोकांना नायलॉनच्या पट्ट्या. बऱ्याच फिटिंगमध्ये मुळातच असतात, लावणारा कापून टाकतो. क्लिपा मिटवायचा क्रम: मधल्या दोन समोरासमोर, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, टोकं शेवटी. एका टोकाकडून ओळीने मिटवत गेलं तर गॅस्केटची सुरकुती पुढे ढकलत शेवटच्या कोपऱ्यात जमते आणि पाणी तिथूनच शिरतं.

क्लिप टेकते तिथे झाकणावर पांढुरक्या बारीक रेघा दिसल्या तर झाकण बदलायची वेळ झाली. पॉलिकार्बोनेटला थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल आणि अमोनियावाला काचेचा फवारा वर्ज्य. स्क्रू पक्का करायचं थ्रेड लॉकरही त्याच्याजवळ नको, ताण असलेल्या जागी ते तडे पाडतं. तुमच्या हॉलमधल्या अ‍ॅक्रिलिकला सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि मऊ फडकं. कोरडं पुसलं की स्थिर वीज तयार होऊन धूळ उलट जास्त चिकटते.

खारा_वारा

कोकणपट्टीसाठी सामानाचं सांगतो.

झिंक प्लेटिंगच्या बिजागऱ्या आणि क्लिपा एका पावसाळ्याच्या. हॉल बंदिस्त असला तरी खिडक्या उघड्याच असतात. स्टेनलेस ३०४ घ्या. त्याच्यावर तपकिरी डाग येतात पण ते वरवरचे, फडक्याने जातात. उघड्या पडवीत, थेट वाऱ्यात असतं तर ३१६ म्हटलं असतं.

फसगत होते ती पिनेत. पानं स्टेनलेसची आणि पिन साध्या लोखंडाची, असला माल सर्रास मिळतो. पिन गंजून फुगते आणि बिजागरी जाम होते. जाम बिजागरी जोराने उघडली की रिव्हेट सैल. चुंबक लावून बघतात लोक, पण ती परीक्षा अर्धीच: ३०४ सुद्धा वाकवून-ओढून घडवलं की थोडं चुंबकाला धरतं. पिन पानांपेक्षा ठळकपणे जोरात ओढली गेली तर संशय घ्या. एक बिजागरी मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात दोन दिवस गुंडाळून ठेवा, उत्तर मिळेल.

दुसरं रिव्हेट. स्टेनलेस बिजागरीला अ‍ॅल्युमिनियमचे पॉप रिव्हेट मारले तर खाऱ्या हवेत छोटा रिव्हेटच खाल्ला जातो, मोठं पान नाही. रिव्हेटही स्टेनलेसचेच. ते हाताच्या रिव्हेटरने ४ मिमीचे ओढायला जीव निघतो, लांब दांड्याचा घ्या. तुमची चौकट अ‍ॅल्युमिनियमची आहे, तिथे स्टेनलेस लागणारच. पण चौकट मोठी आणि रिव्हेट लहान, त्यामुळे झीज पसरते. पानाखाली पातळ रबर किंवा नुसता वार्निशचा हात दिला तरी फरक पडतो.

बिजागरीला तेल नको. ओघळून अ‍ॅक्रिलिकवर डाग आणि वर धूळ. सिलिकॉन ग्रीसचा ठिपका पुरे. ईपीडीएम फोमला ते चालतं, पण गॅस्केट सिलिकॉनचाच असेल तर तो त्याने फुगतो.

वाचनालय_सेवक

उचलून काढता येणाऱ्या, दोन तुकड्यांच्या बिजागऱ्या घेतल्या तर झाकण धुवायला खाली नेता येईल ना?

पत्रेवाला

येईल, पण जपून. त्या बिजागऱ्या उभ्या दारासाठी असतात, दार स्वतःच्या वजनाने पिनेवर बसतं. तुमच्याकडे पिन आडवी. झाकण बाजूला सरकलं की सरळ निसटून डोक्यात. घ्यायच्याच असतील तर दोन्ही पिना एकाच दिशेला आणि सरकायच्या बाजूला चौकटीसमोर अडवणारा एक काढता स्क्रू. त्यापेक्षा साध्या बिजागऱ्या लावा आणि झाकण जागेवरच पुसा.

दोन्ही पिना एका रेषेत आहेत का ते रिव्हेट मारण्याआधी सरळ सळई टेकवून बघा. मिलिमीटरभर तिरक्या असल्या तरी झाकण अर्ध्यात अडकतं आणि पुढे दर वेळी उघडताना पत्र्याला वाकवतं.

बिजागरीच्या बॉक्सकडच्या पानाखाली ३ मिमीची अ‍ॅल्युमिनियम पट्टी द्यावी लागेल, कारण चौकट बॉक्सच्या बाहेर साडेतीन मिमी आलेली आहे. तीच पट्टी क्लिपेच्या धडाखालीही. रिव्हेटची लांबी: जोडायची एकूण जाडी अधिक रिव्हेटचा व्यास, मग पुढचं मोठं माप. बॉक्सच्या बाजूला पत्रा, पट्टी आणि पान मिळून ५ मिमी, म्हणजे ४ × १०. चौकटीच्या बाजूला पावणेतीन मिमी, तिथे ४ × ८. भोक ४.१ चं. चौकटीचे कोपरे एल-पट्टीने बाहेरून जोडा, आत बॉक्ससाठी दोनच मिमी जागा आहे.

ड्रिल करताना एलईडी पट्टी आणि ड्रायव्हरवर प्लास्टिक टाका. लोखंडी किस ड्रायव्हरमध्ये गेला तर दिवा चालू करताक्षणी कळेल. आत आलेल्या रिव्हेटच्या शेपटांना वायर घासत नाही ना, तेही बघा.

वायरमन

सुरक्षा दोरी राहिली. १.५ मिमीची स्टेनलेस वायर रोप, टोकं दाबून बसवलेल्या फेरुलची (धातूच्या छोट्या नळीची). गाठ मारलेली नको, सुटते. बिजागरीपासून १५० मिमीवर बॉक्स ते चौकट. झाकण काटकोनात लटकतं तेव्हा त्या दोन बिंदूंमधलं अंतर सुमारे २१० मिमी होतं, म्हणून दोरी २५० ठेवा. रोजच्या उघडझापीत ती सैल राहते, बिजागरी तुटली तरच ताणते. क्लिपांच्या कडेला लावायला जाल तर ८५० मिमी लागेल आणि तेवढी दोरी मिटताना हमखास गॅस्केटमध्ये सापडेल. खाली वाचक बसतात, ही दोरी टाळू नका.

सुतारपक्षी

थोडं अवांतर, पण घरच्या गोल दिव्यांचं कोणी शोधत इथे येईल म्हणून. फिरवून बसवायच्या प्लास्टिक डोमला तीन दात असतात. डोम दोन दातांवर बसतो आणि तिसरा सुटतो, तेव्हा दात तुटलाय असं समजून नवा डोम आणतात. बहुतेक वेळा दोष तळाच्या पत्र्याचा असतो: खडबडीत स्लॅबवर स्क्रू आवळून तो लंबगोल झालेला असतो. स्क्रू अर्धा फेरा सैल करा, पोकळीत वॉशर घाला, डोम बसतो. काचेचा ग्लोब तीन अंगठा-स्क्रूंवर असेल तर स्क्रू काचेला टेकले की पाव फेरा मागे. ग्लोब किंचित हलला पाहिजे.

फॉल्स सिलिंगमधल्या स्प्रिंगवाल्या डाउनलाइटला तर झाकण म्हणून काही नसतंच, अख्खा दिवा खाली येतो. स्प्रिंगचे दोन्ही हात बोटांनी वर धरूनच आत सरकवा. वारंवार काढला तर जिप्समची कड भुगा होते, तिथे वरून प्लायची कडी बसवावी.

वाचनालय_सेवक

ठरलं. १८ दिव्यांची यादी अशी काढली आहे, चूक असेल तर सांगा. बिजागऱ्या ३६. टॉगल क्लिपा ३६. कॅचर १८. दोऱ्या १८. रिव्हेट एका दिव्याला बिजागऱ्यांचे ८, क्लिपांचे ८, कोपऱ्यांचे ८, म्हणून ४३२, घेतो ५००. फोम ४४ मीटर. अँगलच्या १२ फुटी बारमधून ६०० चे सहा तुकडे निघतात, ७२ तुकड्यांना १२ बार.

पत्रेवाला

बार चुकले. तुकडा ६०० चा नाही. चौकट आतून ६०४, अँगलची जाडी दोन्हीकडून दीड, म्हणजे बाहेरून ६०७. सहा तुकडे ३६४२ मिमी, बार ३६५७ चा. उरलेल्या १५ मिमीत कटरच्या पात्याचेच छेद बसत नाहीत, बारची टोकंही सरळ नसतात. एका बारमधून पाचच धरा. १५ बार लागतील.

खारा_वारा

आणि फोम ५० मीटर घ्या. कोपऱ्यात वळवायचा नसतो, प्रत्येक कोपऱ्याला कापून टोकाला टोक भिडवायचं असतं. पहिल्या दोन-तीन दिव्यांत थोडा वाया जाणारच.